भाड्याचं 'स्मार्ट' आरओ मशीन, पाथर्डी फाटा, नाशिक : अकरा महिने वापरलं आणि परत दिलं

पाणी शुद्ध करायचं हे आरओ मशीन (बारीक पडद्यातून पाणी दाबून त्यातले क्षार काढणारं) काढून नेऊन आता महिना होत आला. अकरा महिने भाडं भरलंय, रोज हाताळलंय, म्हणून जरा बारीकसारीक लिहिते, कारण आमच्या पाथर्डी फाट्याच्या भागात नवीन बिल्डिंगी झाल्यात तिथे शनिवार-रविवार ही मशीन विकणारी मुलं बॅगा घेऊन दारोदार फिरतायत आणि दोन दिवसाआड कोणीतरी ओळखीची मला विचारते, काकू तुमच्याकडे होतं ना, घेऊ का. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तीन ठिकाणी चौकशी केली होती आणि तिन्हीकडे बोलणं, भीती घालायची पद्धत, कागद, सगळं सारखंच, त्यामुळे एकाच्याच नावाने खडे फोडून उपयोग नाही.

आधी माझं सांगते म्हणजे अंदाज येईल. मी डबे करते. सध्या ३२ डबे, बहुतेक अंबड एमआयडीसीत कामाला असलेली बाहेरगावची मुलं, आणि चार-पाच एकटे राहणारे आजी-आजोबा. म्हणजे माझ्यासाठी पाणी नुसतं प्यायची गोष्ट नाहीये, डाळ, भात, कणीक, ताक सगळं त्याच्यावर. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि मुलगी. सोसायटी २४ फ्लॅटची. मनपाचं पाणी खालच्या टाकीत येतं, तिथून मोटरने वरच्या टाकीत जातं, आणि उन्हाळ्यात प्रेशर कमी झालं की बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडतात.

घेतलं का तर गेल्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाईंना महिन्याभरात दोनदा जुलाब झाले, दुसऱ्यांदा तर सलाईन लावावं लागलं. वय ७६, घाबरलोच आम्ही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर धडाधड उत्तरं आली की तुमच्याकडे अजून आरओ नाही? २४ पैकी १९ घरांत होतं. मला अगदी अपराधी वाटलं, की जगाला अन्न खाऊ घालते आणि घरच्या म्हातारीला साधं पाणी नीट देत नाही. त्याच ग्रुपवर कोणीतरी नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा हजर.

मुलगा चांगला होता, २३-२४ वर्षांचा, उन्हातून आलेला. मी नेहमीप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाला, नको मॅडम, मी बाहेरचं पाणी घेत नाही. तिथेच मनात पाल चुकचुकली, पाण्याबद्दल. मग त्याने आमच्याच दोन काचेच्या ग्लासात एकात किचनच्या नळाचं पाणी घेतलं आणि दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलंय त्याचा आकडा दाखवणारा, तो बुडवला, नळाचं १४२, त्याचं १८. म्हणाला १४२ म्हणजे एवढी घाण, ५०च्या आत पाहिजे. मग एक काळा डबा काढला, त्याला खाली लोखंडाच्या सळयांच्या दोन जोड्या, एक जोडी एका ग्लासात, दुसरी दुसऱ्यात, आणि प्लग लावला. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळट झालं, मग हिरवट, मग गंजलेल्या पत्र्यासारखं तपकिरी, आणि त्यात शेवाळ्यासारखे लोंबणारे पुंजके. वर फेस. शेजारचा ग्लास तसाच स्वच्छ. त्याने तो तपकिरी ग्लास उचलला आणि सासूबाईंच्या समोर धरला, आजी हे तुम्ही रोज पिताय. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी त्याच बैठकीत सही केली, १५०० डिपॉझिट, महिना ६४९ भाडं.

तो ग्लास माझ्या डोळ्यासमोरून कितीतरी दिवस हलला नाही. कोणाकडे गेले आणि त्यांनी पाणी दिलं की तो तपकिरी रंग आठवायचा.

आता मशीनचं चांगलं आधी सांगते, कारण खोटं लिहायचं नाहीये. फिटिंग स्वच्छ केलं, गळती एकदाही नाही. सासूबाईंना त्यानंतर पोटाचा त्रास झाला नाही, हे खरंय. आणि एप्रिल-मे मध्ये जेव्हा सोसायटीने बोअरचं पाणी सोडलं तेव्हा मशीनचा मला खराखुरा उपयोग झाला. आपला नाशिकचा खडक काळा बेसॉल्ट, बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. असल्या पाण्यात तूरडाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही, पाच झाल्या तरी दाणा दाणा वेगळा राहतो आणि वरणावर पाणी तरंगतं. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाला धरून बसतं म्हणून ती मऊ होत नाही, जुन्या बायका त्यात चिमूटभर सोडा घालायच्या ते त्यासाठीच. मशीनच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची. ते दोन महिने गॅस सुद्धा कमी लागला. ज्यांच्याकडे बाराही महिने बोअर आहे, पाणी मचूळ लागतं, बादलीला पांढरा थर बसतो, त्यांनी आरओ घ्यावं असं मी स्वतः सांगेन.

पण जून-जुलैत पाऊस लागला, बोअर बंद झालं, पुन्हा मनपाचं पाणी, आणि तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला की बाकीचे दहा महिने मी हे चालवतेय कशासाठी. त्या मुलाने सांगितलेला ५०चा आकडा आला कुठून? भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ६००च्या आत असेल तर चवीला चांगलं, आणि अगदीच कमी टीडीएसचं पाणी बेचव लागतं. आमचं १४२. गंगापूर धरणाचं पाणी, त्र्यंबकच्या डोंगरावरचा पाऊस, त्यात क्षार येणार कुठून! म्हणजे जे पाणी मुळातच हलकं आहे ते आणखी हलकं करायला मी महिना ६४९ भरत होते.

आणि टीडीएस म्हणजे घाण नाहीच. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, मीठ, चुना, मॅग्नेशियम, सगळ्याची एकूण बेरीज, आणि तो पेनवाला मीटर तर तेही मोजत नाही, तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून हिशोबाने आकडा दाखवतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. म्हणजे सासूबाईंना ज्याने जुलाब झाले ते पाण्यात असतं तरी मीटरने १४२च दाखवलं असतं आणि नसतं तरी १४२च. ज्या कारणासाठी मी मशीन घेतलं त्या कारणाबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नव्हता, आणि मी मात्र तो आकडा बघून सही केली. मला याचा अजूनही राग आहे, त्या मुलावर नाही, त्याला जे पढवलं ते तो बोलला, पण ज्याने हे पढवलं त्याला नक्की माहीत असणार.

त्या काळ्या डब्याचं कोडं दिवाळीच्या सुट्टीत सुटलं. डेमो झाला तेव्हा मुलीची दहावीची परीक्षा चालू होती, ती आत अभ्यास करत होती. आता अकरावी सायन्सला आहे, दिवाळीत फराळ करताना मी तिला सहज तो प्रकार सांगितला तर ती हसली नाही की काही नाही, उठली आणि म्हणाली, आई थांब. दोन ग्लास घेतले, दोन्हीत आपल्याच मशीनचं आरओचं पाणी. प्रत्येकात दोन लोखंडी खिळे, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. पहिल्या ग्लासाला लावली, पाच मिनिटं काहीच नाही. मग दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, आपलं रोजचं जेवणातलं मीठ, आणि बॅटरी त्याला लावली. एका खिळ्याला बारीक बुडबुडे सुटले, दुसऱ्याच्या भोवती हिरवट धूर आल्यासारखं झालं, आणि दहा मिनिटांत तोच तपकिरी चिखल, तेच लोंबणारे पुंजके. अगदी हुबेहूब. तेही त्यांच्याच शुद्ध पाण्यात.

मुलगी म्हणाली, ही घाण पाण्यातली नाहीये आई, हा खिळा विरघळतोय. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून तिथे काही होत नाही, क्षार असले की वीज वाहते, लोखंड सुटतं आणि त्याचा गंज तयार होतो. नारळपाण्यात सळया घातल्या तरी असंच होईल. तिने खिळा बाहेर काढून पुसून दाखवला, टोक खरवडल्यासारखं झालं होतं.

सासूबाई बाजूला बसून चकल्या मोजत होत्या. त्यांनी दोन्ही ग्लास नीट बघितले आणि एवढंच म्हणाल्या, म्हणजे आपली गोदामाई चांगलीच होती की गं. मला खरंच भरून आलं. ७६ वर्षांच्या बाईला, जी लहानपणी नदीवरून कळशी आणून प्यायली, तिला आठ महिने आपण विष पीत होतो असं वाटत राहिलं होतं.

विज्ञानाला नावं ठेवायचा हेतू नाहीये, उलटच आहे. आरओ हे तंत्र अस्सल आहे. समुद्राचं पाणी गोडं करता यावं म्हणून १९५९-६०च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि आपले भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी त्याचा चालणारा पडदा तयार केला. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस ३५ हजारांच्या आसपास असतो. चेन्नईजवळ अशा तंत्रावर समुद्राचं पाणी गोडं करणारे मोठे प्रकल्प चालू आहेत. ते तंत्र आणून गंगापूर धरणाच्या १४२ला लावायचं आणि वर सळयांचा खेळ करून विकायचं, याला विज्ञान म्हणत नाहीत. शाळेतल्या एका प्रयोगाचा उपयोग माणसाला शहाणं करायला पण होतो आणि घाबरवायला पण, आमच्या घरात दोन्ही एकाच टेबलावर झालं.

आता 'स्मार्ट'पणाबद्दल. मशीन वायफायला जोडावं लागतं आणि फोनवर अ‍ॅप टाकावं लागतं, त्याशिवाय ते चालूच होत नाही. अ‍ॅपला लोकेशन पाहिजे, नोटिफिकेशन पाहिजे, घरात किती माणसं, त्यांची वयं, कोणाला बीपी-शुगर आहे का, हे सगळं पाहिजे. पाण्याच्या मशीनला माझ्या सासूबाईंची शुगर कशाला कळायला हवी? मी विचारलं तर म्हणाले ऑप्शनल आहे, पण भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं, शेवटी मिस्टरांनी भरून टाकलं. मग रोज संध्याकाळी निरोप, आज तुमचं कुटुंब लक्ष्यापेक्षा सहा लिटर मागे आहे. मिस्टर ते बघून आईला ग्लास भरून द्यायला लागले, आई पाणी प्या, आपलं आज कमी झालंय. तहान लागलीये का हे कोणी विचारेना. आणि ते लिटर तरी खरे कुठे, मी त्यातूनच डाळ-भाताला पाणी घ्यायचे, मशीनला काय कळतंय कुणी प्यायलं आणि कशात शिजलं. तरी घरातला माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवतो आणि समोर बसलेल्या आईच्या 'नको रे बाबा आता' वर ठेवत नाही, हे मला फार लागलं.

सगळ्यात वाईट दिवस श्रावणातल्या सोमवारचा. त्या दिवशी साधे डबे कमी आणि उपवासाचे ११, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पहाटे साडेपाचला पातेलं लावलं, मशीनचं बटण दाबलं तर लाल दिवा आणि पाणी नाही. अ‍ॅप उघडलं तर प्लॅन संपला. मिस्टरांनी आदल्या रात्री पैसे भरले होते, फोनवर पावती होती. पण आमच्या रस्त्यावर खोदकाम चालू होतं, त्यात रात्री इंटरनेटची केबल तुटली होती, घरचं वायफाय बंद, त्यामुळे पैसे आल्याचा निरोप मशीनपर्यंत पोचलाच नाही आणि मशीनने स्वतःला कुलूप लावून घेतलं. आत टाकीत सात-आठ लिटर शुद्ध पाणी भरलेलं, वरच्या काचेतून दिसतंय, आणि ते मला मिळत नाहीये. कस्टमर केअर नऊ वाजता उघडणार. मी किचनमध्ये पातेलं हातात घेऊन उभी, पाणी समोर आहे, पैसे भरलेत, नळ आपल्या भिंतीवर आहे, आणि पुण्याला की बंगळूरला कुठेतरी असलेल्या कॉम्प्युटरची परवानगी नाही म्हणून भगर शिजत नाहीये. शेवटी साध्या नळाचं पाणी गाळून, उकळून घेतलं आणि पाऊण तास उशिरा डबे गेले. एका आजोबांना गोळ्या घ्यायच्या असतात, त्यांचा फोन आला. साडेनऊला कस्टमर केअरवाल्या मुलीने सॉरी मॅडम, तुमचं डिव्हाइस ऑनलाईन आलं की होईल, असं सांगितलं. दुपारी मुलीने फोनचं हॉटस्पॉट चालू केलं तेव्हा ते उघडलं.

पंखा, मिक्सर, गॅस, आजवर घरात आलेल्या कुठल्याच वस्तूने माझ्याशी असं केलं नव्हतं. बिघडल्या असतील, पण चांगल्या असताना अडून बसल्या नव्हत्या.

फुकट जाणाऱ्या पाण्याचं सांगायचं राहिलं. एका बाजूने शुद्ध पाणी येतं तसं दुसऱ्या नळीने क्षारांचं पाणी बाहेर जातं, ती नळी बेसिनमध्ये सोडलेली असते म्हणून कोणी बघत नाही. मी ती काढून बादलीत सोडली. एक लिटर चांगलं भरेपर्यंत बादलीत जवळजवळ तीन लिटर. माझ्याकडे डब्यांसकट रोज साधारण ४० लिटर लागायचं, म्हणजे रोज १२० लिटर गटारात! पुढे मी ते भांड्यांना आणि फरशीला वापरायला लागले, पण किती साठवणार. २०१९च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की जिथे पाण्याचा टीडीएस ५००च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा, आणि जिथे परवानगी असेल तिथेही निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे. आपण नाशिककर, जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की पेटून उठतो, गंगापूर धरणात किती टक्के राहिलं ते उन्हाळ्यात रोज पेपरात वाचतो, आणि त्याच धरणाचं पाणी घराघरांत एकाला तीन असं सांडतोय आणि त्यासाठी भाडं देतोय.

एक अजून, हे तांत्रिक आहे पण विचारून घ्या. या मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून आरओच्या पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळतात. म्हणजे आधी सगळे क्षार काढायचे आणि मग जुनंच पाणी थोडं घालून आकडा वाढवायचा. आमच्या टेक्निशियनने सर्व्हिसिंगला आला तेव्हा माझ्यासमोर स्क्रू फिरवून २० चं ७० केलं आणि म्हणाला आता गोड लागेल. मग १४२ काय वाईट होतं? पाणी अल्कधर्मी करायच्या अल्कलाईन कार्ट्रिजचं पण तेच, वेगळे पैसे घेतात त्याचे. पोटातलं अ‍ॅसिड एवढं तीव्र असतं की तिथे गेल्यावर त्या अल्कलाईन पाण्याचं काही उरत नाही, आणि रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचा आकडा) शरीर आपला आपण ७.३५ ते ७.४५ मध्ये सांभाळतं, प्यायच्या पाण्याने तो हलत नाही. मुलीच्या पुस्तकातलं आहे हे.

आता मुख्य गोष्ट, जी मला संक्रांतीला कळली. हळदीकुंकवाला बायका आल्या, मी तिळगूळ दिला, पाणी दिलं, तर तिघींनी ग्लास हातात घेऊन विचारलं, फिल्टरचंय ना? मी हो म्हटल्यावर प्यायल्या. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं ही आपल्या घराची रीत, त्या पाण्यावर कोणी कधी प्रश्न विचारत नव्हतं. माझी वहिनी पण आली होती, ती निफाड तालुक्यात आशा सेविका, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. ती म्हणाली, ताई तुम्ही सगळ्या एवढं विचारताय पण तुमच्या नळाचं पाणी कोणी तपासलंय का? कोणीच नाही. १९ घरांनी मशीन घेतली आणि एकानेही पाणी तपासलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती तीन एच टू एस च्या बाटल्या आणि ओटीचं द्रावण घेऊन आली. गावात हे सगळ्यांना माहितीये, शहरात आपण विसरलोय. ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात चार थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळं होतं. एच टू एस ची बाटली खुणेपर्यंत भरून ठेवायची, जंतू असले तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. आम्ही तीन ठिकाणचं पाणी घेतलं, खाली गेटजवळ मनपाचा डायरेक्ट नळ आहे तिथलं, आमच्या किचनच्या नळाचं म्हणजे वरच्या टाकीतलं, आणि मशीनचं. डायरेक्ट नळाचं ओटीला छान पिवळं झालं. किचनचं झालंच नाही, पांढरं ते पांढरंच. मशीनचं पण नाही, कारण त्यातला कार्बनचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. बाटल्या देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर डायरेक्ट नळाची स्वच्छ, मशीनची स्वच्छ, आणि मधली काळी, अगदी शाईसारखी.

म्हणजे गंगापूर धरण चांगलं, मनपा पाणी देते ते चांगलं, मशीनही आपलं काम करत होतं, आणि दोष होता आमच्या डोक्यावरच्या टाकीत! मिस्टर आणि वॉचमन वर गेले. टाकीचं एक झाकण तुटून अर्धं आत पडलेलं, कबुतराची पिसं, तळाला चार बोटं गाळ. शेवटची कधी धुतली कोणालाच आठवेना. दोन-अडीच वर्षं तरी झाली असतील. आणि कोणी तक्रार का केली नाही? कारण प्रत्येकाने आपापल्या घरात मशीन लावलं होतं. ज्यांना त्रास झाला असता, जे भांडले असते, सेक्रेटरीच्या मागे लागले असते, ते सगळे आपल्या भिंतीवरच्या निळ्या दिव्याकडे बघून निर्धास्त होते. राहिली पाच घरं, त्यात मशीन येईपर्यंत आम्ही, एक भाडेकरू मुलांचा फ्लॅट, आणि वॉचमनचं कुटुंब तर धरलंच नव्हतं कोणी, ते सगळे टाकीचंच पाणी पितात. वॉचमनच्या बायकोने तेव्हा सांगितलं की तिच्या धाकट्याचं पोट सारखं बिघडतं. मला हे ऐकून जे वाटलं ते लिहिता येत नाही. माझ्याही घरात अकरा महिने मशीन होतं आणि मीही वर जाऊन टाकी बघितली नव्हती.

त्या काळ्या बाटलीचा फोटो ग्रुपवर टाकला. आधी एक-दोघांनी लिहिलं की ज्याने त्याने आपला फिल्टर लावावा, पण फोटोच असा होता की गप्प बसले. फ्लॅटमागे २०० रुपये काढले. दोन्ही टाक्या रिकाम्या करून, घासून, टीसीएल पावडरच्या (ब्लीचिंग पावडर) पाण्याने धुतल्या, नवीन झाकणं बसवली, आणि आता दर सहा महिन्यांनी धुवायची असं ठरलंय, तारीख लिफ्टमध्ये लावलीये. आठवड्याने वहिनीने आणखी बाटल्या पाठवल्या. किचनच्या नळाचं ओटीला फिकट पिवळं झालं आणि बाटली दोन दिवस तशीच स्वच्छ राहिली. एकूण खर्च आमच्या घराला २०० रुपये. मशीनला अकरा महिन्यांत ७,१३९ गेले, डिपॉझिट वेगळं.

त्यानंतर मशीन बंद करायला फोन केला. बंद करणं हे घेण्यापेक्षा दहापट अवघड आहे एवढं लक्षात असू द्या. घेताना दुसऱ्या दिवशी माणूस आला, काढायला १६ दिवस लागले, तीनदा फोन, दोनदा ऑफर की तीन महिने निम्म्या भाड्यात ठेवा. काढायला आलेल्या मुलाने पण मला विचारलं, मग आता प्यायचं काय मॅडम? मी त्याला माठातलं पाणी दिलं, त्याने घेतलं आणि दुसरा ग्लास मागितला.

सध्या आमच्याकडे साधं यूव्हीचं, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं, छोटं मशीन आहे, कारण डबे बाहेर जातात तर जंतूंच्या बाबतीत मला धोका घ्यायचा नाही. त्याला वीज लागते, इंटरनेट लागत नाही, पाणी फुकट जात नाही, क्षार आहेत तसे राहतात. त्यातलं पाणी माठात भरते.

रेटिंग द्यायचंच तर मशीन म्हणून पाचपैकी तीन, बोअरवाल्यांसाठी चार सुद्धा. अ‍ॅप आणि ते कुलूप लावणं, शून्य. आणि ज्या पद्धतीने विकतात त्याला मी काहीच देणार नाही. कोणी दारात तो काळा डबा घेऊन आलं तर त्याला फक्त एवढं सांगा की तुझ्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा लाव. आणि घ्यायच्या आधी डायरेक्ट नळाचं आणि टाकीचं असं दोन्ही पाणी तपासून घ्या, सरकारी प्रयोगशाळेत देता येतं, किंवा गावाकडे ओळखीची आशा असेल तर तिला विचारा.

डिपॉझिट अजून आलेलं नाही. एप्रिलमध्ये बोअर सुरू झालं की पुन्हा टीडीएस मोजणार आहे आणि डाळ किती शिट्ट्यांत शिजते तेही बघणार आहे, तेव्हा इथेच खाली लिहीन.